ऋण काढून सण? विश्वचषकाच्या यजमानपदाचा जमाखर्च



१९८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाचे राष्ट्राध्यक्ष बेलिसारिओ बेतांकुर यांनी आपल्या देशबांधवांना एक निर्णय सांगितला. १९८६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद कोलंबियाला १९७४ मध्येच मिळालेले होते. मध्यंतरी स्पर्धेचा पसारा वाढला, सोळा संघांचे चोवीस संघ झाले आणि ‘फिफा’ या जागतिक फुटबॉल महासंघाच्या मागण्याही वाढत गेल्या. किमान चाळीस हजार आसनांची बारा मैदाने हवीत, यजमान शहरे रेल्वेने जोडलेली हवीत, महासंघाच्या मंडळींसाठी हॉटेलांचे दर गोठवलेले हवेत, अशी ती यादी होती. अवघ्या अडीच महिन्यांपूर्वी सत्तेवर आलेल्या बेतांकुर यांनी ही यादी वाचली आणि ‘ही स्पर्धा आम्हाला नको’ असे जगाला कळवून टाकले. स्पर्धेने देशाची सेवा करावी, देशाने स्पर्धेच्या मालकांची चाकरी करू नये, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. त्याच आठवड्यात कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. देशाचे नाव उजळायला तेवढे पुरेसे आहे, असेही बेतांकुर यांनी सुचवले.

ती स्पर्धा पुढे मेक्सिकोत झाली. १९७० च्या विश्वचषकाची मैदाने तेथे उभीच होती. कोलंबियाची काही अब्रू गेली नाही. मात्र ज्या फुटबॉलवेड्या देशाने अंगणात आलेला उत्सव स्वतःहून परतवला, त्याच्या प्रमुखाला किती टीका सोसावी लागली असेल याची कल्पना करता येते. लोकप्रिय गोष्टीला नाही म्हणायला राज्यकर्त्याजवळ दोन गोष्टी असाव्या लागतात. एक म्हणजे हिशेबाची वही आणि दुसरी म्हणजे धैर्य.

आज या विषयाचा विचार करण्याचे कारण आपल्या दारातच आहे. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. २०३६ चे ऑलिंपिक भारतात व्हावे अशी आकांक्षा पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात जाहीरपणे मांडली. ही आकांक्षा कोणाही देशभक्ताला सुखावणारी आहे. म्हणूनच ज्या देशांनी असे सोहळे आधी साजरे केले, त्यांच्या वह्या उघडून पाहणे हे शहाणपणाचे आहे. त्यांतही फुटबॉलचा विश्वचषक हा सर्वांत मोठा धडा आहे, कारण त्याचा खर्च एका शहरावर न पडता साऱ्या देशावर पडतो.

जमा कोणाची, खर्च कोणाचा?

या अर्थकारणाची पहिली खूणगाठ अशी की, स्पर्धेचे उत्पन्न आणि स्पर्धेचा खर्च या दोन गोष्टी एकाच खिशात राहत नाहीत. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेली आणि आता स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे मुख्यालय असलेली फिफा ही स्विस कायद्याखाली नोंदलेली एक संघटना आहे. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचे हक्क तिच्याकडे, प्रायोजकांचे करार तिच्याकडे, बोधचिन्ह वापरण्याचे परवाने तिच्याकडे आणि तिकिटांचे मोठे उत्पन्नही तिच्याकडे. स्पर्धेचा प्रत्यक्ष चालवण्याचा खर्च आणि संघांची बक्षिसे ती देते. परंतु मैदाने, रस्ते, विमानतळ, सुरक्षा, पोलीस आणि वीज-पाणी यांचा भार यजमान देशाच्या तिजोरीवर पडतो. लग्नात अहेराची पाकिटे एकाने गोळा करावीत आणि मांडवाचे भाडे व जेवणावळीचा खर्च दुसऱ्याने द्यावा, तसा हा प्रकार आहे.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. २००७ ते २०१० या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न ४ अब्ज डॉलरच्या वर होते. २०११ ते २०१४ या काळात ते ५.७ अब्ज झाले आणि २०१९ ते २०२२ या काळात साडेसात अब्जांच्या पुढे गेले. या उत्पन्नाचा फार मोठा वाटा एकट्या विश्वचषकातून येतो. यजमानपद मागणाऱ्या सरकारला करसवलत, सीमाशुल्कमाफी, परकीय चलन मुक्तपणे नेण्याची मुभा आणि प्रायोजकांच्या व्यापारी हक्कांचे संरक्षण अशा हमीपत्रांवर आधीच सह्या कराव्या लागतात. सार्वभौम राष्ट्राने आपल्या करकायद्याला महिनाभर बगल द्यायची आणि तीही एका खासगी संघटनेसाठी, हा या व्यवहारातील सर्वांत कमी चर्चिलेला भाग आहे.

दक्षिण आफ्रिका: अभिमान आणि बोजा

२०१० ची स्पर्धा आफ्रिका खंडातील पहिलीच. वर्णद्वेषी राजवट संपून जेमतेम सोळा वर्षे झालेल्या राष्ट्राला जगापुढे ताठ मानेने उभे राहायचे होते. ही भावना खरी होती आणि तिचा उपहास कोणी करू नये. स्पर्धा सुरळीत पार पडली. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी वर्तवलेली गुन्हेगारीची भाकिते खोटी ठरली. जोहान्सबर्गच्या विमानतळाला जोडणारी ‘गाउट्रेन’ ही वेगवान रेल्वे स्पर्धेच्या तोंडावर सुरू झाली व ती आजही उपयोगात आहे. जमेच्या बाजूला एवढे निश्चित मांडावे लागेल.

आता खर्चाची बाजू. केपटाउन शहरात अथलोन या सामान्य वस्तीच्या भागातील मैदान सुधारून वापरावे असा मूळ विचार होता. तो बाजूला पडला आणि समुद्रकिनारी ग्रीन पॉइंट येथे, पाठीमागे टेबल पर्वत दिसेल अशा देखण्या जागी नवे मैदान उभे राहिले. खर्च झाला चार अब्ज रँडहून अधिक. अथलोनमध्ये तोच पैसा गेला असता तर गरीब वस्तीला रस्ते, दिवे आणि मैदान मिळाले असते. स्पर्धा संपल्यावर हे मैदान चालवायला घेतलेल्या खासगी समूहाने त्याच वर्षी तोटा दिसताच अंग काढून घेतले आणि देखभालीचा भार नगरपालिकेच्या, म्हणजे पर्यायाने करदात्यांच्या गळ्यात पडला.

एम्बोम्बेला येथील मैदानाची कथा अधिक विदारक आहे. जिराफाच्या आकाराचे खांब आणि झेब्र्याच्या पट्ट्यांची आसने असलेल्या या सुंदर वास्तूसाठी दोन शाळांची जागा घेण्यात आली आणि तेथील मुलांना तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गांत बसवण्यात आले. या मैदानाच्या कंत्राटांतील गैरव्यवहाराविरुद्ध आवाज उठवणारे तेथील नगरपरिषदेचे सभापती जिमी मोहलाला यांची जानेवारी २००९ मध्ये त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. या मैदानावर विश्वचषकाचे सामने झाले चार.

आणि पाहुणे किती आले? साडेचार लाखांहून अधिक परदेशी प्रेक्षक येतील असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे तीन लाख नऊ हजार आले. हॉटेले बांधणाऱ्यांनी आणि बचत गुंतवून घरात पाहुण्यांच्या खोल्या सजवणाऱ्या लहान व्यावसायिकांनी हा फरक सोसला.

ब्राझील: ज्या देशात फुटबॉल हाच धर्म

फुटबॉलवर ब्राझीलइतके प्रेम करणारा दुसरा देश नाही. पाच वेळा विश्वचषक जिंकलेल्या या देशात २०१४ ची स्पर्धा व्हायची म्हणजे आनंदाला पारावार नसावा. २००७ मध्ये यजमानपद मिळाले तेव्हा मैदानांसाठी सरकारी पैसा लागणार नाही, खासगी गुंतवणूक येईल, असे तेथील फुटबॉल संघटनेच्या धुरीणांनी सांगितले होते. प्रत्यक्षात मैदानांचा खर्च सुमारे आठ अब्ज रिआलपर्यंत, म्हणजे पहिल्या अंदाजाच्या तिपटीहून अधिक झाला आणि त्यातील बहुतांश भार सरकारी तिजोरीवर आणि सरकारी बँकेच्या कर्जांवर पडला. फिफाला आठ मैदाने चालली असती. ब्राझीलने बारा निवडली, कारण प्रत्येक प्रांताच्या पुढाऱ्याला आपल्या शहरात सामना हवा होता. हा मोह भारतीयांना अपरिचित नाही.

ॲमेझॉनच्या अरण्यातील मनाउस शहरात चाळीस हजारांहून अधिक आसनांचे मैदान उभे राहिले. तेथे अव्वल श्रेणीत खेळणारा एकही संघ नव्हता. विश्वचषकाचे चार सामने झाले आणि मैदान रिकामे झाले. राजधानी ब्रासिलियातील माने गारिंचा मैदान जगातील महागड्या मैदानांपैकी एक ठरले. स्पर्धेनंतर त्याच्या आवारात शहर बसगाड्या उभ्या राहू लागल्या. कुयाबा शहरात विश्वचषकासाठी म्हणून हलक्या रेल्वेचे काम काढले. ते स्पर्धेपूर्वी पूर्ण झाले नाही, स्पर्धेनंतर थांबले आणि अखेरीस गुंडाळून टाकण्यात आले. रूळ, डबे आणि कर्ज मात्र प्रांताच्या माथी राहिले.

जून २०१३ मध्ये साव पावलो शहरातील बसभाडे वीस सेंटाव्होंनी वाढले आणि ठिणगी पडली. बघता बघता दहा लाखांहून अधिक लोक देशभर रस्त्यावर उतरले. ‘फिफाच्या दर्जाची’ मैदाने बांधता, तर त्याच दर्जाची रुग्णालये आणि शाळा का बांधत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. हे लोक फुटबॉलचे द्वेष्टे नव्हते. गल्लीत चेंडू खेळत वाढलेलीच ती माणसे होती. सण कोणाचा आणि कर्ज कोणाचे, एवढेच ती विचारत होती.

दारूचे प्रकरणही लक्षात घेण्याजोगे आहे. मैदानांवरील हिंसाचार रोखण्यासाठी ब्राझीलमध्ये मद्यविक्रीवर बंदी होती. बिअर बनवणारी कंपनी स्पर्धेची प्रायोजक होती. म्हणून फिफाने आग्रह धरला आणि २०१२ मध्ये ब्राझीलच्या संसदेने खास कायदा करून ती बंदी स्पर्धेपुरती सैल केली. याउलट २०२२ मध्ये कतारने स्पर्धा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मैदानांभोवतीची बिअरविक्री बंद केली आणि महासंघाला ते मान्य करावे लागले. पैसा ज्याच्या हाती त्याला आपल्या घरचे नियम पाळायला लावता येतात आणि जो गरजू होऊन दारात उभा राहतो त्याला दुसऱ्याचे नियम पाळावे लागतात, एवढाच याचा अर्थ.

साल्वादोर शहरातील स्त्रियांची गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी आहे. पांढरा पोशाख नेसून रस्त्याकडेला चवळीच्या पिठाचे वडे तळणाऱ्या या स्त्रिया हे त्या शहराचे वैभव आहे. ‘अकाराजे’ नावाचा हा पदार्थ त्यांच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून आणलेल्या उपासनेत देवतेच्या नैवेद्याचा आहे. प्रायोजक खाद्य कंपन्यांच्या हक्कांपायी मैदानाच्या परिसरातून त्यांनाच हुसकावले जाणार होते. त्यांनी सह्यांची मोहीम काढली, आंदोलन केले आणि अखेर मैदानात आपल्या टोपल्या मांडण्याची परवानगी मिळवली. गुलामगिरीच्या काळापासून जपलेली परंपरा बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करारापुढे झुकली नाही. संस्कृती ही संग्रहालयात राखायची वस्तू नसून रोजच्या पोटापाण्यातून ती जगते, हे या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही.

स्पर्धेनंतर फिफाने ब्राझीलला वारसा निधी म्हणून दहा कोटी डॉलर दिले. स्पर्धेतील महासंघाचा फायदा त्याच्या अनेक पटींचा होता. दोन वर्षांनी, जून २०१६ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर रिओ दी जानेरो प्रांताने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. शिक्षकांचे, पोलिसांचे, निवृत्तिवेतनधारकांचे पैसे थकले. हे सारे फुटबॉलमुळे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेलाचे भाव कोसळले होते, भ्रष्टाचार उघडकीस आला होता. परंतु वाईट दिवस आले तेव्हा गंगाजळी मैदानांच्या काँक्रीटमध्ये अडकलेली होती, हे खरेच आहे.

अंदाज का चुकतात?

प्रत्येक वेळी स्पर्धेपूर्वी एखादी सल्लागार कंपनी भरघोस फायद्याचा अहवाल देते आणि प्रत्येक वेळी हिशेब उलटा येतो. हे कसे घडते? अर्थशास्त्रज्ञ यामागे प्रामुख्याने तीन कारणे सांगतात आणि ती कोणत्याही गृहिणीला पटतील अशी आहेत.

पहिले कारण असे की, घरातील करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. ज्या कुटुंबाने सामन्याची तिकिटे काढली, ते त्या महिन्यात नाटकाला जात नाही की बाहेर जेवत नाही. मैदानावर जमा झालेला हा पैसा नवा नसतो. शेजारच्या दुकानातून तो येथे आलेला असतो. दुसरे कारण असे की, गर्दीच्या आणि महागाईच्या भीतीने नेहमीचा पर्यटक आणि व्यापारी त्या महिन्यात येणे टाळतो. फुटबॉलचा पाहुणा मोजला जातो, न आलेला पाहुणा कोणी मोजत नाही. तिसरे कारण गळतीचे. हॉटेलांची साखळी परदेशी, प्रायोजक परदेशी, मैदानाची यंत्रसामग्री परदेशी. मग पाहुण्याने खर्चलेला पैसा गावात फिरून चार हातांना काम देण्याआधीच बाहेर निघून जातो.

१९९४ ची स्पर्धा अमेरिकेत झाली. मैदाने आधीच उभी होती, प्रेक्षकांची विक्रमी गर्दी झाली. यातून चार अब्ज डॉलरचा लाभ होईल असे संयोजकांनी सांगितले होते. रॉबर्ट बाडे आणि व्हिक्टर मॅथेसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये यजमान शहरांच्या उत्पन्नाची छाननी केली, तेव्हा लाभ दूरच, या शहरांचे मिळून साडेपाच ते नऊ अब्ज डॉलरचे नुकसान झाले असावे असा त्यांचा निष्कर्ष निघाला. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाची ही कथा. म्हणूनच २०२६ च्या स्पर्धेची तयारी चालू असताना शिकागो शहराने २०१८ मध्ये, करदात्यांवर किती बोजा पडेल याची खात्री मिळत नाही असे सांगून आपले नाव मागे घेतले.

पोर्तुगालचेही उदाहरण बोलके आहे. २००४ च्या युरोपीय स्पर्धेसाठी या लहानशा देशाने दहा मैदाने सज्ज केली. आवैरो, लेइरिया आणि फारो येथे एवढी आसने भरायला प्रेक्षकच नव्हते. लेइरियाच्या नगरपालिकेने २०११ मध्ये आपले मैदान लिलावात काढले. घ्यायला कोणी पुढे आले नाही.

ज्यांचा हिशेब जुळला

तोटा हा अटळ नियम आहे असे मात्र नाही. २००६ मध्ये जर्मनीने बारा मैदाने वापरली. त्यांतील बहुतेक मैदानांवर आधीपासून लीगचे संघ खेळत होते आणि आठवड्याआड हजारो प्रेक्षक येत होते. स्पर्धा संपल्यावर मैदानांपुढे उद्या काय, हा प्रश्नच नव्हता. तरीही अभ्यासकांना रोजगारात किंवा उत्पन्नात लक्षणीय वाढ आढळली नाही. जे मिळाले ते निराळे होते. दोन महायुद्धांच्या अपराधभावनेने आपला झेंडा हाती धरायलाही कचरणाऱ्या जर्मन तरुणांनी तो उन्हाळाभर निःसंकोचपणे मिरवला. राष्ट्रजीवनात या गोष्टीचे मोल पैशात होत नाही.

दक्षिण कोरियाने २००२ मध्ये सोलच्या मैदानाखाली बाजारपेठ आणि चित्रपटगृह बसवले. सामना असो वा नसो, तेथे रोज माणसे येतात आणि मैदान स्वतःचा खर्च स्वतः भागवते. त्याच स्पर्धेसाठी कोरिया आणि जपानने प्रत्येकी दहा मैदाने सज्ज केली होती. सोलसारखे शहाणपण सगळीकडे दिसले नाही.

कतारचा प्रकार या साऱ्यांहून वेगळा. तेथील २०० अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा आकडा जगभर गाजला. त्यात मेट्रो, विमानतळ, बंदर आणि लुसैल नावाचे नवे शहर हे सारे धरलेले आहे. प्रत्यक्ष मैदानांचा वाटा त्यात अल्प होता. नैसर्गिक वायूच्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या, जेमतेम तीन लाख मूळ नागरिक असलेल्या देशाला हे परवडले. परंतु ती मैदाने बांधली कोणी? भारत, नेपाळ, बांगलादेश येथून गेलेल्या मजुरांनी. कतारमध्ये सात लाखांहून अधिक भारतीय राहतात. तेथील उन्हात उभ्या असलेल्या कामगाराला मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलता येत नव्हती. जगाच्या टीकेनंतर २०२० मध्ये ती अट गेली आणि हजार रियालचे किमान वेतन ठरले. स्पर्धेशी संबंधित कामांवर चारशे ते पाचशे मजुरांचा मृत्यू झाला असावा, असे नोव्हेंबर २०२२ मध्ये कतारच्या आयोजन प्रमुखांनीच एका मुलाखतीत सांगितले. जमाखर्चाच्या कोणत्या रकान्यात हे मांडायचे? ज्याच्या घरी शवपेटी आली त्या कुटुंबाला अंतिम सामन्याचा थरार काय सांगायचा?

अभिमानाचे मोल

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. राष्ट्र म्हणजे किराणा दुकान नव्हे. प्रत्येक गोष्ट नफ्यातोट्यात तोलली तर मंदिरे उभी राहिली नसती, यात्रा भरल्या नसत्या, कुंभमेळा झाला नसता. हा आक्षेप योग्य आहे. १९८२ मध्ये बेतांकुर यांच्या त्या निर्णयानंतर महिनाभरातच दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या. रंगीत दूरचित्रवाणी त्याच वर्षी भारतात आली. देशाने एक मोठे काम अंगावर घेतले आणि पार पाडले, याचे समाधान एका पिढीच्या मनात राहिले.

परंतु यात्रा आणि विश्वचषक यांत एक भेद आहे. पंढरीच्या वारीचे अन्नदान गावोगावचा समाज करतो, तिचे हक्क कोणी विकत घेत नाही, आणि वारी पुढे गेली की मागे रिकामे काँक्रीट उरत नाही. समाजाने स्वतःच्या पायांवर उभारलेला उत्सव आणि कर्जाच्या पायावर उभारलेला देखावा यांना एकाच तराजूत घालता येत नाही. अभिमान हवाच. प्रश्न एवढाच की, तो महिनाभर टिकणारा असावा की पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. रांगेतील शेवटच्या माणसाचे काय झाले, ही विकासाची कसोटी त्यांच्या विचाराने देशाला दिली. तीच कसोटी येथेही लावावी. सोहळ्यानंतर त्या शहरातील हातगाडीवाला, रोजंदारीचा गवंडी, महापालिकेच्या शाळेतला मुलगा यांच्या पदरात काय पडले?

भारताने कोणते प्रश्न विचारावेत?

भारताला दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांवर एकूण १८,५३२ कोटी रुपये खर्च झाल्याचे महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात नोंदवले आणि उशिरा दिलेली कंत्राटे, वाढीव दर व निष्काळजीपणा यांवर कठोर ताशेरे ओढले. त्या वेळी देशाची मान खाली गेली ती खेळाडूंमुळे नव्हे. खेळाडूंनी तर १०१ पदके मिळवून दिली होती.

याउलट २०१७ चा सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आठवावा. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, नवी मुंबई आणि मडगाव या सहा ठिकाणी आधी असलेलीच मैदाने सुधारून स्पर्धा झाली. तेरा लाख सत्तेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. त्या वयोगटाच्या स्पर्धांतील तो विक्रम ठरला. सरावाची मैदाने सुधारली ती स्थानिक मुलांच्या उपयोगाला आली. २०२२ मध्ये मुलींची तशीच स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडासंकुलही १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले. २००८ च्या युवक राष्ट्रकुल स्पर्धा आणि २०२२ च्या महिला आशियाई फुटबॉल स्पर्धेचे सामने तेथेच झाले. एकदा बांधलेले तीनदा वापरले, तर खर्चाचे समाधान मिळते.

जगही आता याच वाटेने जाऊ लागले आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा, खर्च अडीच अब्जांवरून सहा-सात अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर जातो असे दिसताच, जुलै २०२३ मध्ये नाकारल्या. नुकसानभरपाई म्हणून अडतीस कोटी डॉलर मोजले, पण मोठा खड्डा टाळला. त्या स्पर्धा घेण्यास पुढे आलेल्या ग्लासगोने केवळ चार ठिकाणी दहा खेळांचा आटोपशीर आराखडा आखला.

अहमदाबादसाठी आणि पुढे कदाचित ऑलिंपिकसाठी याच अनुभवातून काही प्रश्न निघतात. प्रत्येक नव्या मैदानावर पुढील वीस वर्षे कोण खेळणार, याचे लेखी उत्तर बांधकामाआधी द्यावे लागेल काय? ज्याचे उत्तर नाही ते मैदान तात्पुरत्या आसनांचे करता येईल काय? खर्चाची तपासणी स्पर्धा संपल्यावर करण्याऐवजी बांधकाम चालू असतानाच होऊन दर तिमाहीला जनतेपुढे येईल काय? आंतरराष्ट्रीय संघटनेला दिलेली करसवलत आणि हमीपत्रे संसदेपुढे चर्चेला येतील काय? पथारीवाल्यांना आपल्या गावच्या उत्सवात आपलाच माल विकता येईल काय? बांधकाम मजुराचे वेतन, विमा आणि निवारा हे कंत्राटाच्या पहिल्या पानावर असतील काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, मोठ्या मैदानावर जेवढा पैसा जाईल त्याचा निश्चित हिस्सा जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांच्या मैदानांसाठी राखला जाईल काय?

हे प्रश्न विचारणे म्हणजे राष्ट्राच्या आकांक्षेला विरोध करणे नव्हे. मुलीच्या लग्नात आनंदाने नाचणारा बापच आदल्या रात्री जमाखर्च तपासत बसतो. आपले राज्य, आपले सरकार, म्हणून हिशेब मागायचा नाही, ही वृत्ती देशहिताची नाही. उलट आपले आहे म्हणूनच अधिक काटेकोरपणे मागायचा.

खेळ वाढतो तो कोठे? कोल्हापुरात शाहू मैदानावर तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळत आहेत. गोव्यात पावसाळा सरला की गावोगावची शेते मैदाने होतात. १९११ मध्ये मोहन बागानच्या अकरा बंगाली तरुणांनी, त्यांतील बहुतेकांनी अनवाणी पायांनी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक गोलने हरवून ढाल जिंकली, तेव्हा त्यांच्यामागे अब्जावधींची मैदाने नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. जागा जुनीच, खेळ आपल्याच मातीचा. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते.

जगाला घरी बोलवावे, आदराने बोलवावे. अतिथीला देव मानणारा हा देश आहे. मात्र देवाचा नैवेद्य स्वतःच्या कष्टाचा असावा, सावकाराकडून उसना आणलेला नसावा. आपापल्या शहरात, आपापल्या प्रभागात मुलांना खेळायला किती मैदाने उरली आहेत, त्यांवर कोणाचे अतिक्रमण आहे, शाळेच्या पटांगणात वाहने का उभी राहतात, याची विचारपूस कार्यकर्त्यांनी या आठवड्यातच सुरू करावी. ऑलिंपिकच्या तयारीचे ते पहिले काम आहे आणि त्यासाठी कोणाच्याही हमीपत्रावर सही करावी लागत नाही.